न आलेल्या उत्तराचा ताळा

रविवारी दुपारी ताई अकरावीच्या चाचणीचे अडतीस पेपर घेऊन आमच्याकडे आली. ताई म्हणजे माझी आतेबहीण, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. तिच्या घरी पाहुणे होते आणि पेपर सोमवारी परत द्यायचे होते. आमच्या बाबांनी गणित घेऊन बी.एस्सी. केलं आणि पुढे सगळी नोकरी एका सहकारी बँकेत हिशेब बघण्यात काढली. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यानं तपासलेलं पुन्हा तपासणं हा त्यांचा आवडता उद्योग आहे. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे माझ्याकडे चहाचं खातं आलं. त्या दोघांचं जे जुंपलं, ते आठवेल तसं लिहून ठेवतो आहे.

बाबा: याला तीनपैकी दोनच का गं?

ताई: बघा ना मामा. गणित असं होतं, पाया दहा:

लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १

यानं दोन लॉग जोडून एक केला. क्ष गुणिले (क्ष − ३) बरोबर दहा. वर्गसमीकरण, अवयव, क्ष = ५ किंवा क्ष = −२. इथपर्यंत झकास. मग दोन्ही उत्तरांना चौकट करून मोकळा झाला. वजा दोनचा लॉग आणणार कुठून?

बाबा: ताळा केला नाही कार्ट्यानं. उत्तर मूळ गणितात घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. पाच घाल: लॉग ५ अधिक लॉग २, म्हणजे लॉग १०, म्हणजे एक. जुळलं. वजा दोन घाल, पहिल्याच पदाला गाडी अडते. मी तर म्हणतो, बीजगणितातल्या अर्ध्या चुका ताळा न केल्याच्या असतात.

ताई: मला नाही पटत. ताळा म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप लावणं. मी मुलांना सांगते, गणिताला हात लावायच्या आधी अट लिहा. लॉग क्ष दिसला की क्ष शून्याहून मोठा. लॉग (क्ष − ३) दिसला की क्ष तीनहून मोठा. दोन्ही मिळून क्ष > ३. आता वजा दोन आला तरी दारातूनच परत जाईल.

बाबा: पण तो आलाच कसा, हे सांगितलंस का त्यांना? मुलांना वाटतं, गणितानं चेष्टा केली.

ताई: सांगते ना. क्ष वजा दोन असेल तर क्ष − ३ होतो वजा पाच. दोघेही ऋण, त्यामुळे सुटे असताना दोघांनाही लॉग नाही. पण त्यांना गुणलं की होतात दहा, अगदी सभ्य धन संख्या. आपण दोन लॉग जोडून एक केला, तेव्हा दोघांचे दोष एकमेकांत झाकले गेले.

बाबा: म्हणजे दोन बुडीत खाती एकत्र करून एक चांगलं खातं दाखवल्यासारखं.

ताई: बँक सुटली, पण तुमची सवय सुटली नाही. पण हो, तसंच.

बाबा: मग ऐक. तुझ्या अटीचा मला एक राग आहे. ती वेळ खाते. हे सोडव बघू:

लॉग (क्षचा घन − क्ष + १०) = १

लिही तुझी अट.

ताई: क्षचा घन वजा क्ष अधिक दहा, शून्याहून मोठा.

बाबा: म्हणजे क्ष किती? सोडव ना ती असमानता. घनाची आहे.

ताई: ... नाही सोडवणार. सरळ अवयव पडत नाहीत तिचे.

बाबा: आणि गणित बघ किती सोपं आहे. लॉग बरोबर एक, म्हणजे कंसातली संख्या दहा. क्षचा घन वजा क्ष बरोबर शून्य. उत्तरं शून्य, एक आणि वजा एक. कंसातली संख्या दहाच आहे म्हटल्यावर ती धन आहे की नाही हे विचारायचीही गरज नाही. अट आपोआप पाळली गेली. तुझी मुलं मात्र पहिल्या ओळीवरच घामाघूम होऊन बसली असती.

ताई: मान्य. इथे अट लिहिणं म्हणजे ओसरी झाडायला सांगितली तर सगळा वाडा धुऊन काढणं. पण तुमच्या ताळ्याचीही एक गंमत सांगते. या पेपरात बघा, एकीनं लिहिलंय: लॉग (२ + ३) = लॉग २ + लॉग ३.

बाबा: हा तर सनातन अपराध आहे. आमच्या वेळीही होता. आणि तो ताळ्यानं चुटकीसरशी पकडता येतो. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१. बेरीज ०.७७८१, तो झाला लॉग ६. लॉग ५ आहे ०.६९९०. खोटा नियम उघडा पडला.

ताई: पाठ आहेत अजून?

बाबा: दोन, तीन आणि सात एवढेच पाठ केले होते. सातचा ०.८४५१. चार, सहा, आठ, नऊ त्यांतून निघतात आणि पाच दहातून दोन काढून. संसार चालतो तेवढ्यावर.

ताई: बरं, आता समजा या मुलीनं तुमचं ऐकलं आणि ताळा केला. पण तिनं दोन आणि तीन न घेता दोन आणि दोन घेतले. लॉग (२ + २) म्हणजे लॉग ४. आणि लॉग २ अधिक लॉग २, म्हणजे ०.६०२०, तोही लॉग ४! जुळला ताळा. कारण दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन सारखेच. खात्री करायला तिनं एक, दोन, तीन घेतले तर? बेरीज सहा, गुणाकारही सहा. पुन्हा जुळला. आता ती हा नियम आयुष्यभर सोडणार नाही.

बाबा: एका उदाहरणावर नियम उभा राहत नाही, तो पडू मात्र शकतो. हे तिला शिकवायला हवं.

ताई: तेच म्हणतेय. जुळलेला ताळा फार थोडं सांगतो. अर्थ माहीत असेल तर ताळ्याची पाळीच येत नाही. लॉग म्हणजे एक प्रश्न आहे: दहाचा कितवा घात केला की ही संख्या मिळेल? शंभरचा लॉग दोन, हजारचा तीन. शंभर आणि हजार यांचा गुणाकार केला की शून्यं जोडली जातात, दोन अधिक तीन. बेरीज गुणाकाराची होते, बेरजेची नाही. आणि दहाचा कुठलाही घात घ्या, एक, एक दशांश, एक शतांश, तो शून्याकडे सरकत राहतो पण शून्याला शिवत नाही, पलीकडे तर जातच नाही. म्हणून वजा दोनचा लॉग नाही.

बाबा: दहाचे घात मुलांच्या डोक्यावरून जातात. मला लॉग कळला तो निम्मं करण्यातून. चौसष्टचे निम्मे बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन, एक. सहा वेळा. दोन पाया धरला की चौसष्टचा लॉग सहा.

ताई: मामा, तुम्ही नकळत वीरसेनाचार्यांचं बोललात! नवव्या शतकातल्या जैन ग्रंथात, त्यांच्या धवला टीकेत, याला नाव आहे, अर्धच्छेद. संख्या किती वेळा निम्मी होते, तितके तिचे अर्धच्छेद. तीननं भागत गेलात तर त्रिकच्छेद. आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोघांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हेही तिथे येतं. ती धवला हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून छापून निघायला लागली, तीसुद्धा आपल्या अमरावतीहून.

बाबा: मग त्यांच्याच रीतीनं तुझी अट बघ. वजा चौसष्ट निम्मे करत गेलीस तर कुठे पोचशील?

ताई: वजा बत्तीस, वजा सोळा... शेवटी वजा एक. एकपर्यंत कधीच नाही.

बाबा: झालं. ऋण संख्येला लॉग का नाही, ते सहावीतल्या पोरालाही कळेल. असमानता लिहायला नको.

इथे मी चहा आणला. बाबांनी तोवर कपाटातून त्यांचं जुनं लॉग टेबल काढून आणलं होतं. पुठ्ठा केव्हाच निघालेला, शिवणीवर दोनदा खळ लावलेली. ताईनं ते वासही न घेता उघडलं, कारण तिच्या मुलांच्या दप्तरात तशीच नवी पुस्तिका असते. बारावीच्या बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही.

बाबा: आता घातांकाचं गणित घे. तिथे तरी तुझ्या अटीला काम नाही. आठ टक्के चक्रवाढ व्याजानं पैसे किती वर्षांत दुप्पट होतात? १.०८ चा क्ष घात बरोबर २. क्ष वर जाऊन बसलाय, माळ्यावर चढलेल्या पोरासारखा. त्याला खाली आणायला लॉगचीच शिडी लागते. दोन्हीकडे लॉग घे: क्ष गुणिले लॉग १.०८ बरोबर लॉग २.

ताई: म्हणून क्ष बरोबर लॉग २ भागिले लॉग १.०८. इथे निम्मी मुलं भागाकाराची वजाबाकी करतात. लॉग २ वजा लॉग १.०८. कारण त्यांच्या डोक्यात नियम असतो, भागाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची वजाबाकी. लॉगांचा भागाकार ही वेगळी गोष्ट आहे, हे दिसत नाही त्यांना.

बाबा: टेबलवर करणाऱ्याला ते बरोबर दिसतं, कारण हा भागाकार करायला त्याला लॉगचाच पुन्हा लॉग घ्यावा लागतो. हे बघ. लॉग २ म्हणजे ०.३०१०. लॉग १.०८ म्हणजे ०.०३३४. आता ०.३०१० भागिले ०.०३३४. पुन्हा टेबल. तीसशेदहासमोर ४७८६. पण संख्या एकहून लहान, म्हणून बार एक, दशांश ४७८६. तीनशेचौतीससमोर ५२३७, आणि त्याला बार दोन. वजाबाकी कर.

ताई: बार एकमधून बार दोन गेले, उरला अधिक एक. त्यातून, ०.५२३७ मधून ०.४७८६ वजा केले तर ०.०४५१, तेवढं कमी करायचं. ०.९५४९.

बाबा: अँटिलॉग. पंच्याण्णवच्या ओळीत, चारच्या रकान्यात ८९९५, शेवटच्या नऊचा फरक एकोणीस. ९०१४. म्हणजे नऊ वर्षं आणि वर किंचित. आता बँकेतला ताळा: बहात्तर भागिले आठ, नऊ. जुळलं! काउंटरवर कोणी विचारलं की आम्ही लॉग काढत नव्हतो, बहात्तरला व्याजदरानं भागत होतो.

ताई: तो बहात्तरचा ठोकताळा आठ टक्क्यांच्या आसपासच चोख बसतो. दोन टक्क्यांना तो छत्तीस वर्षं सांगतो, खरं उत्तर पस्तीस. चोवीस टक्क्यांना तो सांगतो तीन, आणि लॉग सांगतो सव्वातीनच्या जरा आत. बहात्तर निवडला कारण त्याला दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा सगळ्यांनी भाग जातो.

बाबा: असेल. पण कबूल कर, घातांकाच्या गणितात परका कोणी आत शिरत नाही.

ताई: शिरतो ना. याच चाचणीत होतं: ४ चा क्ष घात − २ चा क्ष घात − १२ = ०. दोनच्या क्ष घाताला 'य' म्हटलं की यचा वर्ग वजा य वजा बारा. य चार किंवा वजा तीन. चार असेल तर क्ष दोन. पण दोनचा कुठलाही घात वजा तीन होत नाही. 'य' म्हणताना आपण त्याला सगळ्या संख्यांची मोकळीक दिली, मूळ गृहस्थ मात्र फक्त धन होते. इथेही 'य > ०' ही एक ओळ आधी लिहिली असती तर प्रश्न मिटला असता. हा माझा मुद्दा. आणि आता तुम्हाला माझा हुकमी एक्का दाखवते. हा पेपर बघा.

तिनं गठ्ठ्यातून एक पेपर काढला. गणित होतं:

लॉग (क्षचा वर्ग) = २

खाली मुलानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'दहाचा दुसरा घात १००. म्हणून क्षचा वर्ग १००, क्ष = १० किंवा −१०.' वजा दहाभोवती ताईचं लाल वर्तुळ होतं आणि शेजारी तिच्या अक्षरात 'क्ष > ०'.

ताई: बाकी बहुतेकांनी नीट केलंय. क्ष > ०. दोन लॉग क्ष बरोबर दोन, लॉग क्ष बरोबर एक, क्ष बरोबर दहा. यानं अट लिहिली नाही, म्हणून ऋण उत्तर गळ्यात पडलं. तुमचा ताळाही केला नाही.

बाबा: मग आपण करू. वजा दहा. त्याचा वर्ग?

ताई: शंभर.

बाबा: शंभरचा लॉग?

ताई: दोन...

बाबा: जुळलं की.

ताई पेपराकडे बघत राहिली. बाबाही, कधी नव्हे ते, गप्प राहिले. मग तिनं स्वतःची उत्तरसूची काढली. तिथेही तिच्याच अक्षरात पहिल्या ओळीला 'क्ष > ०' होतं आणि शेवटी एकटा दहा.

ताई: चूक माझी आहे, मामा. लॉग दिसला की हात आपोआप 'क्ष > ०' लिहितो. पण इथे लॉग क्षचा नव्हता, क्षच्या वर्गाचा होता. वर्ग धन हवा, म्हणजे क्ष शून्य नको, एवढीच अट. मी दारावर चुकीचा पहारेकरी बसवला आणि त्यानं घरच्याच माणसाला हाकललं.

बाबा: आणि पकडलं कुणी? ताळ्यानं.

ताई: नाही. पकडलं या मुलानं. त्यानं वजा दहा लिहिला म्हणून तुम्हाला तो घालून बघता आला. आता हा दुसरा पेपर घ्या. फक्त दहा. करा ताळा.

बाबा: दहाचा वर्ग शंभर, लॉग दोन. जुळला.

ताई: हा तिसरा. फक्त दहा.

बाबा: जुळला.

ताई: सगळेच जुळणार. दारात आलेल्याचं ओळखपत्र मागता येतं. जो आलाच नाही त्याचं काय तपासणार? तुम्हीच सांगा, बँकेत तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर असायच्या?

बाबा: ... नाही. एखादी रक्कम एकाच बाजूला लिहिली तर तेरीज बोंब मारते. पण व्यवहार दोन्ही बाजूंना लिहायचाच राहिला तर तेरीज सुखानं जुळते. असल्या चुका सापडायला सगळ्यांत जास्त दिवस लागायचे. कधी कधी खातेदार येऊन सांगायचा, तेव्हाच कळायचं.

ताई: तेच इथे झालंय. माझी अट चुकली हे खरं, पण दुसऱ्या ओळीत बघा काय घडलं. लॉग (क्षचा वर्ग) याचे आपण दोन लॉग क्ष केले, म्हणजे लॉग क्ष अधिक लॉग क्ष. एक लॉग फोडून दोन केले. मघाच्या गणितात काय केलं होतं?

बाबा: दोन लॉग जोडून एक.

ताई: जोडताना दार रुंद झालं, म्हणून वजा दोन हा आगंतुक आत आला. फोडताना दार अरुंद झालं, म्हणून वजा दहा हा हक्काचा माणूस बाहेर राहिला. नियम एकच, फक्त वाचायची दिशा उलटी.

बाबा: थांब, हे मला पुन्हा म्हणू दे. जोडलंस तर जास्तीची उत्तरं येऊ शकतात, ती ताळ्यात गळतात. म्हणजे तिथे माझी रीत पुरते.

ताई: पुरते. आणि तुमच्या त्या घनाच्या गणितात तर ना जोडलं ना फोडलं, म्हणून तिथे काहीच लागलं नाही.

बाबा: आणि फोडलंस तर उत्तरं हरवू शकतात. ती ताळ्यात सापडत नाहीत, म्हणून फोडायच्या आधी विचारायला हवं: यातला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे धन आहे का? तिथे तुझी रीत हवी.

ताई: माझी, पण शहाणी. आंधळेपणानं लिहिलेली अट नाही. क्ष ऋण असू शकतो हे ध्यानात असतं, तर मी दोन लॉग क्ष असं न लिहिता क्षच्या केवलमूल्याचा लॉग दुप्पट, असं लिहिलं असतं. मग दोघेही आत राहिले असते.

बाबा: म्हणजे वाटणी झाली. सही करू?

ताई: नका करू, अजून एक चोर बाकी आहे. अट नीट लिहून, ताळाही करून, उत्तर हरवतं. हे बघा:

(लॉग क्ष)चा वर्ग = २ लॉग क्ष

अट क्ष > ०, इथे ती खरीच हवी. आता सोडवा.

बाबा: दोन्हीकडे लॉग क्षनं भाग. लॉग क्ष बरोबर दोन. क्ष शंभर. ताळा: दोनचा वर्ग चार, दोन दुणे चार. जुळला. अटही पाळली.

ताई: क्ष एक घालून बघा.

बाबा: एकचा लॉग शून्य. शून्य बरोबर शून्य. अरेच्चा!

ताई: लॉग क्षनं भागताना तो शून्य असू शकतो हे तुम्ही पाहिलं नाहीत. शून्यानं भागलंत आणि एक गेला. नेपियरनं १६१४ साली त्याची कोष्टकं छापली त्यांत एकचा लॉग शून्य नव्हता. पुढच्या वर्षी हेन्री ब्रिग्ज लंडनहून एडिंबरोला त्याला भेटायला गेला आणि दोघांच्या बोलण्यातून ठरलं की एकचा लॉग शून्य धरायचा. मग ब्रिग्जनं १६१७ साली पहिल्या हजार संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. तुमच्या या पुस्तकाच्या पहिल्या रकान्यातलं ते शून्य तिथून आलंय. आणि तुम्ही त्याच शून्यानं भागलंत.

बाबा: भागायचं नव्हतं. एका बाजूला आणून अवयव पाडायचे होते. लॉग क्ष गुणिले (लॉग क्ष − २) बरोबर शून्य. दोन्ही आले असते.

ताई: बरोबर. म्हणून मला आता वाटतं, अट आधी की ताळा शेवटी हे भांडणच अर्धवट आहे. खरा प्रश्न प्रत्येक पायरीवर असतो. या ओळीवरून त्या ओळीवर आलो, तर तिथून या ओळीवर परत येता येतं का? दहाच्या घातावरून लॉगवर आणि लॉगवरून घातावर, ये-जा मोकळी आहे. म्हणून या मुलाच्या दोन ओळींत काही हरवलं नाही. त्यानं एकही नियम वापरला नाही, फक्त लॉगचा अर्थ लिहिला. जोडणं, फोडणं, भागणं, वर्ग करणं, 'य' मानणं, या एकतर्फी वाटा होऊ शकतात. तिथे थांबून दोन्हीकडे बघायचं.

बाबा: हे तीन गुणांच्या गणिताला परवडतं का गं? पोरांना सीईटीला एका प्रश्नाला दीड-दोन मिनिटं मिळतात.

ताई: सगळीकडे थांबायला नाही परवडत. पण चार-पाच वळणं ओळखीची झाली की तेवढ्याच ठिकाणी ब्रेक लावायचा. घाटात गाडी चालवणारा सरळ रस्त्यावर हॉर्न वाजवत बसत नाही. आणि पर्यायांचा प्रश्न असेल तर तुमचा ताळाच सगळ्यांत जलद. तिथे उत्तरं आधीच रांगेत उभी असतात, कोणी हरवलेलं नसतं.

बाबा: घे, माझ्या ताळ्याला पेन्शन मिळाली. आता या पेपराचं काय करतेस?

ताईनं लाल वर्तुळावर दोन तिरक्या रेघा मारल्या, 'क्ष > ०' खोडलं आणि तीनपैकी तीन लिहून बाजूला सही केली. मग उत्तरसूचीवरही तेच केलं. तिथे लिहिलं, 'क्ष ≠ ०'.

बाबा: आणि ज्यांनी फक्त दहा लिहून तीन मिळवलेत? त्यांचे कापणार?

ताई: कसे कापू? मीच तसं शिकवलंय. गुण राहू देत. उद्या फळ्यावर हेच गणित घेईन आणि विचारीन, दुसरं उत्तर कुठे गेलं. वर्ग दिसत असताना एकच उत्तर आलं, तर किमान संशय तरी यायला हवा.

बाबा: तोवर अजून कुणाच्या वजा दहाला वर्तुळ घातलंयस का बघू. अर्धे इकडे दे.

दोघांनी गठ्ठा वाटून घेतला. आणखी दोन पेपर निघाले. एकीनं दोन्ही उत्तरं लिहून वजा दहा स्वतःच खोडला होता. तिचं काय करायचं यावर पुन्हा दहा मिनिटं गेली आणि अर्धा गुण ठरला. दिवेलागणीला ताई निघाली तेव्हा बाबांनी सवयीनं पेपर मोजायला घेतले. प्रत्येकावर गुण, बेरीज, सही, सगळं जागच्या जागी होतं. बँकेत नोटा मोजायचे तशी अंगठ्यानं कड उचलत ते शेवटापर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"सदतीस," ते म्हणाले. "तू अडतीस आणले होतेस."

अडतिसावा माझ्या चहाच्या ट्रेखाली होता. त्यावर कपाचा गोल उमटला होता.